पोलिसांचा पैसा आणि वस्तीचे काम : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

१९०७ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने एक छोटेखानी कायदा केला. त्याआधी शहराच्या पोलिसांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग मुंबई महापालिकेला उचलावा लागत असे. १८८८च्या महापालिका कायद्यातच तशी तरतूद होती. फिरोजशहा मेहता आणि त्यांचे सहकारी या तरतुदीवर वर्षानुवर्षे हरकत घेत राहिले. ज्या दलावर महापालिकेचा हुकूम चालत नाही त्याची वर्गणी शहराच्या करदात्याने का भरावी, हा त्यांचा रोकडा सवाल होता. १९०७च्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारकडे गेला आणि त्याच्या मोबदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत या जबाबदाऱ्या महापालिकेने पत्करल्या. नगरपालिकांचा पोलिसांपोटी जाणारा पैसा शिक्षण, दवाखाने आणि स्थानिक बांधकामांकडे वळवावा, हा विचार त्याच्याही पंचवीस वर्षे आधी लॉर्ड रिपनच्या सरकारने स्थानिक स्वराज्याच्या धोरणात मांडलेला होता.

अंधेरी आणि घाटकोपर तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर, साष्टीत होती. १९५० साली ती महापालिकेत आली, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. महापालिकेबरोबर ती जुनी वाटणीही उपनगरांत पोचली. शाळा आणि इस्पितळ महापालिकेचे, पोलीस ठाणे राज्य सरकारचे. पोलिसांच्या निधीतला काही वाटा सामाजिक कामाकडे वळवावा का, या प्रश्नाच्या अभ्यासाकडे नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत मी मुद्दाम या हकिगतीने करतो आहे. हा प्रश्न अमेरिकेतून आयात झाला आणि आपल्याकडे गैरलागू आहे, असे पुष्कळ जण पहिल्याच बैठकीत सांगून मोकळे होतात. तो या शहरात शंभरावर वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्याचे एक उत्तर कायद्याने दिलेही गेले होते.

जगाने मात्र तो मोठ्याने ऐकला तो २५ मे २०२० नंतर. मिनियापोलिसमध्ये एका पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला आणि पोलिसांचा निधी काढून घ्या ही घोषणा अमेरिकेच्या शहराशहरांत उठली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२१मध्ये, त्याच मिनियापोलिसच्या मतदारांनी पोलीस खात्याच्या जागी नवे सार्वजनिक सुरक्षा खाते आणण्याचा प्रस्ताव फेटाळला. या दोन्ही घटना एकत्र वाचायला हव्यात. घोषणेमागचा अनुभव खरा होता. पण ठाणे बंद झाल्यावर रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार, ही मतदाराची धास्तीही खरी होती. ओरेगन राज्यातल्या युजीन शहरात तो फोन उचलणारी एक व्यवस्था १९८९पासून उभी होती. कोणी मानसिक त्रासात आहे, कोणी नशेत रस्त्यावर पडले आहे, अशा वेळी तिथे पोलिसाऐवजी परिचारक आणि समाजसेवक यांची जोडी गाडी घेऊन जात असे. पैशाच्या ओढाताणीत २०२५ साली युजीनमधली ही सेवा थांबली. पस्तीस वर्षे चाललेले काम एका अर्थसंकल्पात संपू शकते, ही गोष्ट या क्षेत्राच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावी.

अमेरिकेतल्या शहरात पोलिसांचा खर्च नगरपरिषद मंजूर करते. त्यामुळे तिथला नागरिक सभेत उभा राहून म्हणू शकतो की या रकमेतले इतके काढा आणि वाचनालयाला द्या. मुंबईत तशी सभाच नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय. महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, देशातल्या कुठल्याही महापालिकेहून मोठा. पण मुलुंड किंवा ओशिवरा पोलीस ठाण्यातल्या हवालदाराचा पगार त्यात सापडणार नाही. तो राज्याच्या अर्थसंकल्पात, गृह विभागाच्या मागणीत, २०५५ या लेखाशीर्षाखाली असतो. समाजकल्याण आणि महिला-बालविकासाचा बराचसा खर्च २२३५ या लेखाशीर्षाखाली. ही दोन शीर्षे दोन वेगळ्या मंत्र्यांच्या, वेगळ्या सचिवांच्या हाती असतात आणि विधिमंडळात त्यांच्यावरची चर्चाही वेगळ्या दिवशी होते. एकातून काढून दुसऱ्यात घालणे म्हणजे काय, हे समजून घेणाऱ्याने या वेळापत्रकापासून सुरुवात केली तर बरीच हवेतली चर्चा टळेल.

दोन्ही गरजा एकाच टेबलावर येतात अशी एक जागा मात्र आहे. १९९०पासून स्वतंत्र असलेल्या मुंबई उपनगर जिल्ह्याची जिल्हा नियोजन समिती. जिल्हा वार्षिक योजनेतून पोलिसांना वाहने आणि कॅमेरेही मिळतात, आणि महिला-बालविकासाच्या कामांनाही वाटा असतो. रक्कम गृह विभागाच्या एकूण खर्चापुढे किरकोळ, तरी निर्णय जवळचा आहे आणि कागद मागता येतो. या समितीचा बारकाईने अभ्यास झालेला मला दिसत नाही. एखाद्या तरुण अभ्यासकाने तो हाती घेतला तर मला मनापासून आनंद होईल.

पैसा कुठून काढायचा याचा विचार करताना पोलिसाकडेही नीट पाहायला हवे. पोलीस खर्चाचा फार मोठा भाग वेतनावर जातो. चैनीवर उधळला जाणारा मोकळा पैसा तिथे पडून आहे अशी कल्पना कोणी करू नये. मुंबईतला शिपाई पिढ्यान्‌पिढ्या बारा तासांची पाळी करत आला आणि गणपती, निवडणूक, मोर्चा असला की ती पाळीही लांबत गेली. देवनार पोलीस ठाण्यातले शिपाई रवींद्र पाटील यांनी आठ तासांच्या पाळीचा आराखडा स्वतः कागदावर मांडला. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो मानला आणि मे २०१६मध्ये देवनारमध्येच त्याचा प्रयोग झाला. खालच्या पायरीवरच्या माणसाने आपल्या कामाचा असा हिशोब मांडावा, ही आपल्या प्रशासनाच्या इतिहासातली मोलाची घटना आहे. पोलिसांच्या खर्चावर लिहिणाऱ्याने हा आराखडा बाजूला ठेवून लिहू नये. मनुष्यबळ अपुरे असलेल्या दलाचा पैसा कापला, तर कापणीचा चटका बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायाला बसेल. मोठ्या खरेद्यांना तो लागेलच असे नाही. २०१६ साली पुरा झालेला शहराचा कॅमेरा प्रकल्प ९४९ कोटींचा होता. तो २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतरच्या शिफारशींतून आला आणि त्याचा उपयोगही झाला आहे. पण दहशतवादासाठी मंजूर झालेला पैसा आणि रोजच्या कटकटींसाठी लागणारा पैसा एकाच पारड्यात टाकला की रोजच्या कटकटी नेहमी हलक्या ठरतात.

या रोजच्या कटकटींतच आपल्या क्षेत्राचा गाभा आहे. उपनगरातल्या कोणत्याही ठाण्यात सकाळपासून काय येते? नवऱ्याने मारले. सासूने घराबाहेर काढले. पोरगा रात्री परतला नाही. वरच्या मजल्याचे पाणी झिरपते म्हणून शेजाऱ्याने शिवीगाळ केली. म्हाताऱ्या बापाला मुलगा जेवायला घालत नाही. स्टेशनबाहेर एक बाई स्वतःशी बोलत बसली आहे, तिला नाव सांगता येत नाही. यातल्या कितीतरी तक्रारींची एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद, आणि माणूस कागद घेऊन घरी जातो. भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी आरोग्यसंस्थेत पोचवण्याचे काम २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १००ने पोलिसांवरच सोपवले आहे. पोलिसाने हे काम का करावे, असे विचारणाऱ्याला पोलीसही हळूच तेच विचारताना दिसतील. ते करायला दुसरे कोणी नेमलेलेच नाही, म्हणून त्यांच्या गळ्यात पडते.

दुसरे कोणी नेमण्याचा देशातला एक जुना आणि टिकलेला प्रयोग मुंबईचाच आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष उघडला. कायद्यात विवाहितेच्या छळाविरुद्धचे ४९८-अ हे कलम आदल्याच वर्षी आले होते, हुंड्यापायी जळून मेलेल्या मुलींच्या बातम्यांनी शहर अस्वस्थ होते आणि १९८०पासून स्त्री-संघटना रस्त्यावर होत्या. कक्षाची रचना साधी, पण तिच्यात खोल विचार होता. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसेल, तिला पोलिसांच्या अधिकाराचे वजन मिळेल, पण ती पोलिसांची नोकर नसेल. आलेल्या बाईचे पूर्ण ऐकणे, तिच्या संमतीने नवऱ्याला बोलावणे, तिचे स्त्रीधन परत मिळवताना पोलिसांना सोबत घेणे, निवारा शोधणे, वकील गाठून देणे, गुन्हा नोंदवायचा असेल तर तो नोंदवला जाईपर्यंत तिच्याबरोबर बसणे. पुढे दादर आणि कांदिवली इथेही असे कक्ष झाले. २००५ साली राज्याच्या महिला व बालविकास विभागाने ही योजना आपली केली, जिल्ह्याजिल्ह्यांत नेली आणि नंतर इतर राज्यांनीही तिचा कित्ता गिरवला.

या कक्षाकडे आपल्या प्रश्नाच्या नजरेने पाहा. इथे पोलिसांच्या निधीतला पैसा काढून घेतलेला नाही. पोलिसांच्या जागेत दुसऱ्या विभागाचा पैसा आणून बसवला आहे. जागा गृह विभागाची, मानधन महिला व बालविकास विभागाचे, व्यावसायिक शिस्त समाजकार्याची. त्यामुळे कार्यकर्तीला ठाण्यातल्या साहेबांना नाही म्हणण्याची थोडी मोकळीक मिळते. तडजोड करून घरी पाठवा, असे वरून सुचवले गेले तरी ती बाईचे म्हणणे आधी ठेवू शकते. पुढे २०१७पासून नागपुरात आणि नंतर इतरत्र सुरू झालेले भरोसा सेल पोलिसांच्या छत्राखाली समुपदेशन देतात. त्यांत चांगले काम होत नाही असे मी म्हणणार नाही. पण कार्यकर्तीचा पगार आणि बदली ज्याच्या हातात, त्याच्याच माणसाविरुद्धची तक्रार ती किती निर्भयपणे लिहून घेईल? माझ्या मते या सगळ्या क्षेत्राची कसोटी इथे आहे. पैसा किती वळवला याच्याइतकेच तो वळल्यावर कोणाच्या ताब्यात राहतो हे महत्त्वाचे ठरते.

दुसरे उदाहरण रुग्णालयाचे. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याआधी बऱ्याचदा दवाखान्यात पोचते, आणि जिन्यावरून पडले असे सांगते. हे ओळखून ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि महापालिका यांनी २०००च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हा विभाग सुरू केला. अपघात विभागातल्या परिचारिका आणि डॉक्टरांना प्रश्न कसा विचारायचा ते शिकवले आणि समुपदेशक रुग्णालयातच नेमले. कालांतराने तो महापालिकेच्या उपनगरांतल्या इतर रुग्णालयांतही गेला. म्हणजे १९०७ साली पोलिसांच्या खर्चाच्या बदल्यात जी वैद्यकीय जबाबदारी महापालिकेने घेतली, तिच्याच पोटात शतकभरानंतर हिंसाचाराला उत्तर देणारी एक खिडकी उघडली.

सामाजिक कामाकडून शासनाकडे झालेला उलट प्रवासही इथूनच सुरू झाला. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने टाटा समाजविज्ञान संस्थेतूनच १९९६ साली सुरू झाली. रस्त्यावरच्या मुलाने फुकट फोन लावावा आणि पलीकडे पोलिसाऐवजी ताई-दादा असावा, ही तिची ओळख. २०२३पासून ती शासकीय यंत्रणेकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. कायम पैसा आणि देशभर पोच हा या बदलाचा फायदा. पण पळून आलेले मूल फोनच्या पलीकडे सरकारी आवाज ऐकून बोलेल का, याची मला काळजी वाटते. या बदलाचा मुलांच्या बाजूने अभ्यास व्हायला हवा.

पैसा एका कारणासाठी दिला आणि दुसरीकडे गेला, हेही मुंबईने पाहिले आहे. दिल्लीतल्या अत्याचारानंतर २०१३च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १,००० कोटींचा निर्भया निधी उभा राहिला. सप्टेंबर २०२१मध्ये अंधेरी पूर्वेच्या साकीनाक्याला एका महिलेवर अमानुष अत्याचार होऊन तिचा मृत्यू झाला. त्यानंतर मुंबई पोलिसांनी ठाण्याठाण्यांत निर्भया पथके नेमली. निधीतून २०२२मध्ये गाड्या आणि दुचाकी खरेदी झाल्या. त्याच डिसेंबरात वर्तमानपत्रांनी दाखवून दिले की त्यांतल्या काही बोलेरो गाड्या आमदार-खासदारांच्या सुरक्षेसाठी वापरल्या जात आहेत. राजकीय धुरळा बसल्यावर अभ्यासकाने विचारायचा प्रश्न निराळा आहे. स्त्रियांच्या सुरक्षिततेचा पैसा आला की त्याची पहिली खरेदी वाहनांची आणि कॅमेऱ्यांची का होते? वाहन एकदा घेतले की हिशोब मिटतो. समुपदेशकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, दर वर्षी मंजूर करून घ्यावा लागतो. आपल्या अर्थव्यवस्थापनाला एकदाचा खर्च सोपा जातो, चालू खर्च जड जातो, आणि सामाजिक काम जवळजवळ सगळे चालू खर्चाचे आहे.

आता वस्तीविषयी. निधी वस्तीकडे वळवा म्हटले की कोणत्या वस्तीकडे, हे विचारावेच लागते. नागरिक आणि महापालिका यांनी मिळून परिसर सांभाळण्याची एएलएम चळवळ १९९७च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधून पसरली आणि मध्यमवर्गीय सोसायट्यांना तिने स्वच्छतेचे चांगले वळण लावले. त्याच घाटकोपरात, पूर्व द्रुतगती मार्गाला लागून असलेल्या माता रमाबाई आंबेडकर नगरात, ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक जमले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जण मेले. अशी आठवण असलेल्या वस्तीत पोलिसांशी सहकार्य हा शब्द जपून उच्चारावा लागतो. उलट बोरिवली किंवा लोखंडवालाच्या सोसायटीतल्या रहिवाशाला पोलिसाची गस्त वाढलेली हवी असते आणि पदपथावरचा फेरीवाला हटलेला हवा असतो. दोघेही नागरिकच. त्यांच्यातला कोण समितीवर बसतो, यावर सामाजिक निधीचे स्वरूप ठरते.

पोलीस आणि वस्ती यांना एकत्र बसवण्याचे आपल्याकडचे प्रयोग जगाने दखल घ्यावी असे आहेत. १९८४च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८पासून मोहल्ला समित्या बांधल्या. १९९२-९३च्या दंगलीत जोगेश्वरीची राधाबाई चाळ जळाली, मुंबईत सुमारे नऊशे माणसे मेली, आणि भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईत आयुक्त सतीश सहानी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारातून मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. २००४च्या सुमारास पोलीस अधिकारी अनामी रॉय यांनी आधी पुण्यात, मग मुंबईत, झोपडपट्टीवासीयांचे नेते जोकिन अर्पुथम आणि वस्त्यांतल्या बायांची संघटना महिला मिलन यांच्याबरोबर झोपडपट्ट्यांतल्या पोलीस पंचायती सुरू केल्या. एका पंचायतीत वस्तीतल्या सात बाया, तीन पुरुष आणि ठाण्याचा एक पोलीस. नळावरची भांडणे, उधारी, दारुड्याचा दंगा असे सगळे तिथेच मिटे.

या पंचायतींबद्दल मला नितांत आदर आहे, म्हणूनच एक हरकत नोंदवतो. त्या सात बाया दिवसभर घरकाम, धुणीभांडी करून रात्री वस्तीचे तंटे सोडवत आणि त्याचा मोबदला कुणी देत नव्हते. खोली वस्तीने द्यायची, वेळ बायांनी द्यायचा, ओझे पोलिसांचे हलके व्हायचे. काम वस्तीकडे गेले, पैसा मागून गेला नाही. हीच त्रुटी १५ ऑगस्ट २००७ रोजी आर. आर. पाटील यांनी गृहमंत्री म्हणून सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने अंशतः भरून काढली. तिथे गृह विभागाने तंटे मिटवणाऱ्या गावांना लाखांची बक्षिसे दिली आणि ती गावाच्या कामाला लागली. पोलिसांच्या विभागाचा पैसा समाजाकडे उघडपणे वळल्याचे महाराष्ट्रातले हे ठळक उदाहरण. मात्र बक्षीस तंटे मिटवण्यासाठी असल्यामुळे मार खाणाऱ्या बाईने तक्रार मागे घ्यावी असा दबाव गावात वाढू शकतो, ही स्त्री-कार्यकर्त्यांची शंका रास्त आहे. पैसा कशाच्या मोजणीवर द्यायचा हे ठरवताना तिचे उत्तर आधी शोधायला हवे.

माझे मत मी लपवत नाही. मुंबईच्या उपनगरांत शिपायांची संख्या किंवा त्यांचे वेतन कापून काही साधणार नाही. पोलिसांनी करू नयेत अशी कामे एकेक करून उचलावीत, आणि प्रत्येक कामाबरोबर त्याचा चालू खर्च कायमस्वरूपी पदांच्या रूपाने दुसऱ्या विभागाकडे द्यावा. आधी घरगुती हिंसा, मग भटकणारे मनोरुग्ण, मग एकटे वृद्ध. हे मत न पटणाऱ्या वाचकाचेही या क्षेत्रात तितकेच स्वागत आहे. जास्त पोलीस हेच गरिबाचे संरक्षण असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद मी गंभीरपणे ऐकला आहे. साकीनाक्यासारख्या घटनेनंतर तो ऐकावाच लागतो.

वाचनाला सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. एडवर्ड्‌स या माजी आयुक्ताने १९२३ साली लिहिलेला मुंबई पोलिसांचा इतिहास साहेबी नजरेचा आहे, पण त्याच्यावाचून पुढचे कळत नाही. त्यानंतर राजनारायण चंदावरकर आणि प्रशांत किदंबी यांचे मुंबईच्या पोलीसव्यवस्थेवरचे लेखन वाचावे, खोपडे यांचे भिवंडीविषयीचे लेखन वाचावे आणि १९९२-९३च्या दंगलीवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सलग वाचावा. मग आपल्या भागातल्या ठाण्यात जाऊन महिनाभरात किती एनसी नोंदल्या गेल्या आणि त्या कशाच्या होत्या, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागावी. जवळच्या महापालिका रुग्णालयात ‘दिलासा’ आहे का, तिथे समुपदेशकाची किती पदे भरलेली आहेत, ती कायम आहेत की कंत्राटी, हे विचारावे. मुलुंडची उत्तरे आणि अंधेरीची उत्तरे शेजारी शेजारी मांडली की पुढच्या अभ्यासाचे प्रश्न त्यांतूनच निघतील.